सोळा कोटी वीस लाख

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. ज्यांची मुलं इथे यूकेत इयर टेन-इलेव्हनला आहेत आणि ज्यांनी जीसीएसईला इतिहास घेतलाय, त्यांनी तर वाचाच. बऱ्याच शाळांत रशियाचा भाग असतो: झार, क्रांती, लेनिन, स्टालिन. आमच्या लेकीलाही आहे. त्यात एक प्रकरण येतं, 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी'. मुलांच्या वहीत त्याखाली साधारण हेच असतं: पोस्टर्स, पुतळे, शहरांना दिलेलं नाव, फोटोतून पुसून टाकलेली माणसं. परीक्षेला तेवढं पुरतं, मार्कही मिळतात.

मराठीत याला तीन शब्द आहेत. विभूतिपूजा, व्यक्तिपूजा आणि व्यक्तिस्तोम. मला तिसरा आवडतो. पूजा एकट्यानं घरात बसून करता येते. स्तोम माजवावं लागतं, त्याला माजवणारे लागतात, आणि गप्प बसणारे तर त्याहून जास्त लागतात.

मी इतिहासकार नाही. सी.ए. आहे, वीसेक वर्षं ऑडिटमध्ये गेली. त्यामुळे लेकीचं पुस्तक चाळताना आणि नंतर त्यावर आणखी वाचताना मी पुतळ्यांपाशी फार थांबले नाही, एका आकड्यापाशी थांबले. तो आकडा बहुतेक शालेय पुस्तकांत नसतो, म्हणून इथे लिहितेय.

२१ डिसेंबर १९२९ ला स्टालिनचा पन्नासावा वाढदिवस साजरा झाला. स्तोमाची खरी सुरुवात तिथून धरतात. त्याच काळात शेतकऱ्यांच्या जमिनी, गुरं, अवजारं सामुदायिक शेतीत ओढली जात होती. धान्य सक्तीनं उचललं जात होतं. १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गाकाठचा भाग आणि उत्तर कॉकेशस इथे भीषण दुष्काळ पडला. 'पडला' म्हणणंही तसं चूकच, कारण धान्य बाहेर निर्यात होत होतं आणि जानेवारी १९३३ मध्ये युक्रेन आणि कुबानमधल्या उपाशी शेतकऱ्यांना गाव सोडून जायला हुकमानं बंदी झाली. पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली. कझाक लोकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक गेले. या दुष्काळाचा उल्लेख करणं हासुद्धा गुन्हा होता.

आता तारखांकडे लक्ष द्या. दुष्काळ सरता सरता, जानेवारी १९३४ मध्ये, पक्षाच्या सतराव्या अधिवेशनात स्टालिननं देशाची लोकसंख्या सांगितली: १६ कोटी ८० लाख. १९२६ च्या जनगणनेत ती १४ कोटी ७० लाख होती. मग १ डिसेंबर १९३५ च्या एका भाषणात त्यानं सांगितलं की आपल्याकडे दरवर्षी सुमारे तीस लाखांची भर पडते, म्हणजे दरवर्षी एक अख्खं फिनलंड. लोकसंख्या वाढते म्हणजे लोक सुखात आहेत, हे त्यामागचं गणित. पंचवार्षिक योजनेत १९३७ साठीचा अंदाज १८ कोटींच्या आसपास धरला होता.

हे आकडे कुणी मोजून काढले नव्हते. ते बोलले गेले होते. आणि एकदा का ते त्याच्या तोंडून बाहेर पडले की तो हिशेबाचा ओपनिंग बॅलन्स झाला.

मग जनगणना आली. ६ जानेवारी १९३७, एकाच दिवसात सगळा देश मोजायचा. जुन्या पंचांगानुसार ती तिकडच्या नाताळच्या आदल्या दिवसाची तारीख. लाखो गणक बर्फातून घरोघर फिरले. प्रश्नावली स्टालिननं स्वतः तपासली, काटछाट केली आणि धर्माचा प्रश्न घातला: तुम्ही श्रद्धाळू आहात का? सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला हे विचारायचं होतं. चर्च पाडली होती, पाद्री तुरुंगात होते, दारात सरकारी माणूस फॉर्म घेऊन उभा. तरी निम्म्याहून जास्त लोकांनी 'हो' लिहून दिलं, साडेपाच कोटींच्या वर. मला हे वाचून फार वेळ दुसरं काही सुचलं नाही. आपण इथे ऑफिसच्या सर्व्हेत 'अनामिक' लिहिलेलं असलं तरी चांगलंच उत्तर देतो!

बेरीज झाली. सोळा कोटी वीस लाख.

म्हणजे स्टालिननं तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यापेक्षाही साठ लाख कमी. मधली तीन वर्षं आणि ती तीन फिनलंडं जमेला धरली तर तफावत केवढी होते ते तुम्हीच करा. हिशेब तपासणाऱ्या कुणालाही कळेल की एवढा फरक टायपिंगच्या चुकीनं येत नाही.

या जनगणनेचं काम ज्या खात्याकडे होतं त्याचं नाव मला मजेशीर वाटलं. रशियन नावाचा अर्थ साधारण 'राष्ट्रीय अर्थव्यवस्थेच्या हिशेबाचं केंद्रीय प्रशासन'. सांख्यिकी हा जुना शब्द काढून 'हिशेब' आणला होता. म्हणजे आमचीच बिरादरी. प्रमुख होता इव्हान क्रावल. जनगणना विभाग ओलिंपी क्विटकिनकडे होता. लोकसंख्या विभागात मिखाईल कुरमान म्हणून एक अधिकारी होता. त्यानं मार्च १९३७ मध्ये वरिष्ठांना टिपण लिहिलं आणि फरकाची कारणं मांडली. त्यातलं एक साधं, भयंकर कारण असं की लाखो मृत्यूंची नोंदच झालेली नाही.

आम्ही याला रिकन्सिलिएशन म्हणतो. दोन आकडे जुळत नसले की मधला फरक कुठून आला ते ओळीनं लिहायचं. कुरमाननं ते केलं. त्याच महिन्यात त्याला अटक झाली. क्विटकिनलाही मार्चमध्येच उचललं. क्रावल मे महिन्यात गेला. क्रावल आणि क्विटकिन दोघांनाही त्याच वर्षी गोळ्या घातल्या. २५ सप्टेंबर १९३७ ला सरकारनं ठराव करून जनगणनाच रद्द ठरवली. कारण काय दिलं? तर सांख्यिकी शास्त्राच्या प्राथमिक तत्त्वांचा भंग. वर्तमानपत्रांतून आरोप झाला की जनतेच्या शत्रूंनी मुद्दाम लोक कमी मोजले.

जानेवारी १९३९ मध्ये पुन्हा जनगणना घेतली. नवीन माणसं, त्यांना जुन्यांचं काय झालं ते ठाऊक. आकडा आला १७ कोटींच्या थोडा वर. नंतरच्या अभ्यासकांनी त्यातला फुगवटा शोधून काढला आहे, पण मला त्या नव्या माणसांना नावं ठेववत नाहीत. त्यांची पोरंबाळं होती.

ऑडिटच्या मानकांत फसवणुकीच्या धोक्याची लक्षणं दिलेली असतात. त्यात एक आहे, व्यवस्थापनावर एकाच व्यक्तीचं वर्चस्व. विद्यार्थी ते पाठ करतात आणि पुढे जातात. पण काम करायला लागलं की कळतं, पेटी कॅशमधून शंभर रुपये उचलणाऱ्या कारकुनाची भीती नसते. भीती असते ती ज्याच्यावर सगळ्यांचा जीव आहे अशा मालकाची. माझ्या आर्टिकलशिपच्या काळात पुण्याजवळच्या एका कारखान्यात (नाव नको) मार्चअखेरीला स्टॉक मोजायला गेले होते. स्टोअरकीपर भला माणूस, वयानं माझ्या वडलांएवढा. मी मोजायला सुरुवात करणार तेवढ्यात म्हणाला, "ताई, साहेबांनी किती सांगितलाय ते आधी सांगा, म्हणजे तसं मोजू." त्यात लबाडी अजिबात नव्हती. मालकानं त्याच्या मुलीचं लग्न लावून दिलं होतं, बायकोचं ऑपरेशन केलं होतं. साहेब चुकीचं कसं सांगतील, हा त्याचा प्रामाणिक प्रश्न होता. सोव्हिएत जनगणनेबद्दल वाचताना मला तो माणूस आठवत होता. त्याचा मालक स्टालिन नव्हता, तेव्हा उगाच तुलना ताणत नाही. पण भय आणि प्रेम या दोन्हींनी मोजणाऱ्याचा हात सारखाच थांबतो, हे मी तिथे पाहिलंय.

शाळेच्या पुस्तकात स्तोमाची बाजू आणि अत्याचारांची बाजू वेगवेगळ्या धड्यांत येते. एकीकडे फुलं देणारी मुलं, दुसरीकडे छळछावण्या. मुलांना वाटतं हे दोन वेगळे विषय आहेत. जनगणनेत ते एकाच कागदावर दिसतात. ज्याचा शब्द खोटा पडू शकत नाही असा माणूस एकदा उभा केला की मेलेल्यांना हिशेबात जागाच उरत नाही. त्यांची संख्या लिहिणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. पुतळा पाडून पुन्हा बसवता येतो, पण न लिहिलेला मृत्यू नंतर कुठून शोधणार?

तुम्ही म्हणाल, हे हुकूमशाहीतलं झालं, लोकांवर बंदूक होती. खरंय. पण आता आपल्या गावाकडे, म्हणजे इथे इंग्लंडात या. इथल्या लोकांवर कुणी बंदूक रोखली नव्हती. मार्च १९३३ मध्ये, दुष्काळ अगदी टोकाला असताना, जॉर्ज बर्नार्ड शॉ आणि काही मंडळींनी 'मँचेस्टर गार्डियन'ला पत्र लिहून रशियातल्या हालाच्या बातम्या खोट्या ठरवल्या. शॉ १९३१ मध्ये तिकडे पाहुणचार घेऊन आला होता. त्याच मार्च महिन्यात गॅरेथ जोन्स नावाचा वेल्श पत्रकार युक्रेनच्या गावांतून पायी फिरला, लोकांशी बोलला आणि बाहेर येऊन त्यानं जे पाहिलं ते सांगितलं. 'न्यू यॉर्क टाइम्स'चा मॉस्कोतला बडा वार्ताहर वॉल्टर ड्युरांटी यानं त्याचं म्हणणं खोडून काढलं. ड्युरांटीकडे पुलित्झर होतं. जोन्स तिशीसुद्धा न गाठलेला पोरगा. लोकांनी कुणाचं ऐकलं असेल ते सांगायला नको.

आणि सिडनी व बिॲट्रिस वेब. हुशार, अभ्यासू, आयुष्यभर गरिबांसाठी राबलेलं जोडपं, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थापकांपैकी. त्यांनी १९३५ मध्ये सोव्हिएत व्यवस्थेवर जाडजूड ग्रंथ काढला. नावाचा मराठीत अर्थ 'सोव्हिएत साम्यवाद: एक नवी संस्कृती?' १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा शेवटचं प्रश्नचिन्ह काढून टाकलेलं होतं. त्याच वर्षी तिकडे क्विटकिनला संपवलं. हा योगायोग आहे, वेब पतिपत्नींना त्याची कल्पनाही नसणार. पण लांबून केलेल्या प्रेमाला ऑडिट नसतं. तिकडची रांग आपल्याला लावायची नसते, तिकडचा पोलीस आपल्या दाराशी येत नाही, तिकडच्या शाळेत आपली पोरं जात नाहीत. आपल्यापर्यंत येतं ते फक्त चांगलं छापलेलं चित्र.

आता कळलं ना मी ही पोस्ट या ग्रुपवर का टाकतेय?

मी कुठल्याही पक्षाचं, नेत्याचं नाव घेणार नाही. घेतलं तर निम्मे लोक चिडतील आणि उरलेले निम्मे "बघा, मी म्हणत होतोच" म्हणतील. आणि नाव न घेताही तुमच्या डोळ्यासमोर जो आला, तो बहुधा दुसऱ्या बाजूचाच असणार, आपला नाही! फॅमिली ग्रुपवर आपल्या आवडत्या नेत्याबद्दल काकांनी एक आकडा टाकला आणि भाच्यानं "सोर्स काय?" विचारलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. "मोठ्यांशी कसं बोलावं ते शिकवलं नाही का?" मग आई म्हणून आपण त्याला खासगीत मेसेज करतो, जाऊ दे बाळा, सॉरी म्हण. शाळेत त्याच मुलाला त्याच प्रश्नाबद्दल मार्क मिळतात. 'सोर्स किती उपयुक्त आहे?' हा त्यांच्या इतिहासाच्या पेपरचा ठरलेला प्रश्न आहे. मुलं मग शिकतात की असे प्रश्न इंग्रजीत विचारायचे असतात, मराठीत नाही. मला यातलं हे सगळ्यात जास्त लागतं. भाषा टिकवायला शनिवारची शाळा चालवायची, आणि त्या भाषेत शंका मात्र काढू द्यायची नाही?

बरं, मराठीला हे परकंही नाही. १८ जानेवारी १९४३, पुणे, गोखले स्मारक सभागृह. न्यायमूर्ती रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीनिमित्त डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. हे बाबासाहेब त्याच वेब मंडळींच्या एलएसईतून डॉक्टरेट घेऊन आलेले. जयंतीच्या सभेत माणसं काय बोलतात ते आपल्याला माहीत आहे. बाबासाहेबांनी आधी थोर माणूस म्हणजे कोण, त्याला कुठल्या कसोट्या लावायच्या, याचीच उलटतपासणी घेतली आणि मग रानड्यांना त्या कसोटीवर घासून पाहिलं. गांधी आणि जिना या तेव्हाच्या दोन सर्वांत मोठ्या नेत्यांवर आणि त्यांना डोक्यावर घेणाऱ्या वर्तमानपत्रांवर टीका केली. त्यांनी एक फरक सांगितला तो मुलांना समजेल असा आहे: एखाद्याबद्दल अपार आदर वाटणं वेगळं आणि त्याचं म्हणणं डोळे मिटून पाळणं वेगळं. पहिल्यात आपली बुद्धी आपल्याकडे राहते, दुसऱ्यात ती गहाण पडते.

सहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी हाच मुद्दा देशापुढे ठेवला. धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेलही, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं त्यांचं म्हणणं. महिना उलटतो न उलटतो तोच, २१ डिसेंबरला, मॉस्कोत स्टालिनची सत्तरी साजरी झाली. भेटी इतक्या आल्या की पुश्किन संग्रहालयातली चित्रं-शिल्पं हलवून तिथे भेटवस्तूंचं प्रदर्शन मांडावं लागलं. (आणि बाबासाहेबांचंच काय, असं कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. त्यांचा फोटो सगळ्यांकडे आहे, १९४३ चं भाषण किती जणांनी वाचलंय? मीही ते परदेशात आल्यावरच वाचलं.)

नेहरूंची एक गोष्ट मुलांना हमखास आवडते, तीही सांगून टाकते. नोव्हेंबर १९३७ च्या 'मॉडर्न रिव्ह्यू'त 'चाणक्य' या टोपणनावानं एक लेख आला. त्यात जवाहरलाल नेहरूंवर टीका होती: गर्दी याला डोक्यावर घेते, याचा अहंकार वाढतोय, उद्या हा हुकूमशहा होऊ शकतो, याला पुन्हा अध्यक्ष करू नका. चाणक्य म्हणजे स्वतः नेहरू. यातही थोडा नखरा आहे असं मला वाटतं. स्वतःवरची टीकासुद्धा स्वतःच लिहायची, दुसऱ्याला कशाला ठेवायची! पण त्याच हिवाळ्यात मॉस्कोत काय चाललं होतं ते बाजूला ठेवून पाहिलं की नखरासुद्धा गोड वाटतो.

स्टालिनची नम्रता वेगळ्या जातीची होती. त्याचं अधिकृत छोटं चरित्र १९४७ मध्ये नव्यानं निघालं. ते छापायला जाण्याआधी त्यानं स्वतः दुरुस्त केलं आणि आपल्या कामाला गर्वाचा किंवा बढाईचा जराही स्पर्श झाला नाही, अशा अर्थाचं वाक्य स्वतःच्या हातानं घातलं, असं ख्रुश्चेव्हनं पुढे सांगितलं. ते सांगितलं २५ फेब्रुवारी १९५६ ला, विसाव्या अधिवेशनाच्या बंद दाराआडच्या बैठकीत. 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी' हा शब्दप्रयोग जगभर पसरला तो त्या भाषणानं. मुलांच्या पुस्तकात ते असतंच. फक्त पुस्तकात एक गोष्ट ठळकपणे येत नाही: सगळा दोष एका माणसावर टाकणारा ख्रुश्चेव्ह स्वतः ती सगळी वर्षं टाळ्या वाजवणाऱ्यांत होता, कागदांवर सह्याही करत होता. १९३३ च्या दुष्काळाबद्दल त्या भाषणात तो काही बोललाच नाही. १९३७ चे आकडेही कपाटातच राहिले.

कुरमान मात्र जगला. तुरुंग, छावणी, हद्दपारी सोसून स्टालिनच्या मृत्यूनंतर मोकळा झाला, आणि त्यानं आठवणी लिहून ठेवल्या. १९३७ च्या जनगणनेचे आकडे १९९० च्या सुमारास छापून बाहेर आले. बेरीज तीच होती, सोळा कोटी वीस लाख.

बाबासाहेबांचं १९४३ चं भाषण 'रानडे, गांधी आणि जिना' या नावानं पुस्तिका म्हणून आहे, नेटवर इंग्रजीत फुकट मिळतं, महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात. आम्ही चार घरं मिळून पुढच्या रविवारपासून झूमवर ते वाचतोय, मुलांसकट. वाचन इंग्रजीत, चर्चा मराठीत, आणि वाद घालायला परवानगी आहे, आजी-आजोबांशीसुद्धा. कुणाला यायचं असेल तर मेसेज करा, लिंक पाठवते. गल्फमधल्यांना वेळ जमत नसेल तर सांगा, एक तास आधी सुरू करू.